बाबांच्या वखारीची भिंत

३ मार्च

बारक्या,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ते तूच ठरव, तोवर नुसतंच बारक्या. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. पत्ता डॉक्टरीणबाईंनी दिला. तुमच्या छोट्या आगगाड्यांच्या मंडळाच्या त्या अजूनही अध्यक्ष आहेत, सकाळी दात काढतात आणि संध्याकाळी बोटभर उंचीचे सिग्नल बसवतात. त्यांच्यावर रागावू नकोस. दाढ दुखत नसताना मी दवाखान्यात दोन तास बसून राहिलो, तेव्हा कंटाळून दिला.

बातमी अशी की मी काम सोडलं. शिडीवरून पडलो नाही, कुणी काढलंही नाही. गुडघे म्हणाले, पुरे. अडतीस वर्षं लोकांच्या जुन्या भिंती नव्या केल्या, आता घरात बसून तुझ्या वहिनीच्या कामात नाक खुपसतो. परवा ती म्हणाली, “हाताला काहीतरी लावून घ्या, नाहीतर मी तुम्हालाच एक हात मारून दारात वाळत ठेवीन.”

म्हणून डॉक्टरीणबाईंकडून एक खोका आणला. त्यांच्या कपाटात बारा वर्षं पडून होता. आत सगळे सुटे तुकडे, बाहेर चित्र. रुळाशेजारची लाकडाची वखार, पत्र्याचं छप्पर, मधोमध मोठं दुहेरी दार, पुढे माल चढवायचा ओटा. तुला कळलंच असेल कुठला खोका ते. तुझ्या वखारीचा जुळा भाऊ.

तुझ्या वखारीला त्या वर्षी जो रंग लागला, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. नऊ वर्षं झाली. तू ती गुंडाळून घेऊन गेलास, टाकूनही दिली असशील. मी एवढंच सांगतोय की ही मी बांधणार, जुनी करणार आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मंडळाच्या प्रदर्शनात मांडणार. तू ये. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. भिंत बघ आणि जा.

तुझा दादा


२२ मार्च

बारक्या,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होतो असं नाही, पोस्टमनची चौकशी वहिनी करते.

चारशे बारा तुकडे आहेत. मोजले. काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक तुळया, फळ्यांच्या रेघा कोरलेल्या पातळ लाकडी भिंती, शिशाची पिंपं आणि पोती, आणि पत्रा म्हणून चॉकलेटच्या चांदीसारखा नालीदार कागद. सूचना अकरा पानांच्या. त्या मी वाचल्या नाहीत. अडतीस वर्षं मुरलेल्या रंगाऱ्याने भिंत कशी रंगवायची हे कागदावर वाचायचं म्हणजे माशाने पोहायचा क्लास लावण्यासारखं आहे.

भिंतीला बाहेरून पाण्याच्या रंगाचा हात दिला आणि जेवायला गेलो. परत येतो तो चारही भिंती वळून बसलेल्या, बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्यांसारख्या, गुडघे पोटाशी घेऊन. वहिनी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. न बोलण्यात तिचा हातखंडा आहे, तुला माहीत आहे.

मग सूचना वाचल्या. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: आधी मागून आडव्या पट्ट्या चिकटवा, मग रंग दोन्ही बाजूंनी लावा, म्हणजे लाकूड दोन्हीकडून सारखं ओढलं जाईल. भिंती ओल्या करून, पट्ट्या लावून तीन दिवस वजनाखाली ठेवल्या. वजन म्हणून तुझा जुना शब्दकोश घेतला, दुसरं एवढं जड घरात काही नाही. सरळ झाल्या. एक जरा उठली आहे, पण ती मागची.

दादा


१७ एप्रिल

बारक्या,

आज सांगतोच, कारण आज पोट भरून आनंद झालाय आणि वहिनीला तो तीनदा सांगून झालाय.

महिनाभर माझी कुचंबणा चालली होती. भिंत जुनी करायची म्हणून काळी शाई स्पिरिटमध्ये पातळ करून लावली, वर मळकट पिवळा दिला. डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेली. त्यांनी भिंग लावून पाहिली आणि म्हणाल्या, “फार सुंदर हात आहे तुमचा. वाया गेली भिंत.” खरंच होतं ते. सगळीकडे सारखं. डाग काढले तेही ओळीत, एका अंतरावर. माझा हात चुकायला तयारच नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

बाई म्हणाल्या, “तुम्ही एवढ्या भिंती खरवडल्यात. रंग आधी कुठे सुटतो?” मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. खिडकीच्या चौकटीच्या खाली सुटतो, पाणी तिथे साचतं. जमिनीलगतच्या दोन फळ्यांना सुटतो, ओट्यावरून शिंतोडे उडतात. खिळ्याभोवती सुटतो, आधी गंजाचा ओघळ येतो मग पापुद्रा. उन्हाच्या बाजूला सुटत नाही, पिठासारखा होतो, हाताला लागतो. आणि वळचणीखाली वीतभर पट्टा नवा राहतो, तिथे ना ऊन ना पाणी. हे सगळं मी एका दमात बोललो. बाई भिंग ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “मग सारखं का रंगवताय? हेच रंगवा.”

बारक्या, अडतीस वर्षं मी रोज सकाळी पत्री घेऊन हेच सगळं खरवडून टाकत होतो. तोंडपाठ होतं आणि मला ठाऊकच नव्हतं.

घरी आलो, नवीन भिंती कापल्या. खाली करडं लाकूड, वर पिवळा. रंग अर्धा ओला असताना जिथे जिथे सुटायला हवा तिथे चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पापुद्रे निघाले. खाली करडं लाकूड, कडेला उचललेला रंग. वळचणीखालचा पट्टा नवा ठेवला. खिळे सुईच्या टोकाने टोचले, एका फळीला दोन-दोन, आणि काही ठिकाणी मुद्दाम विसरलो. वहिनीने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, “ईऽ, काय घाण झालीय.” एवढी शाबासकी मला लग्नानंतर मिळालेली नाही.

दादा


९ जून

बारक्या,

एक अपघात झाला आणि निस्तरलाही. तुला ठाऊक असेल, पण मी नवशिका आहे, मला नव्हतं.

भिंतींवर रंग पक्का राहावा म्हणून बिनचकाकीचं वॉर्निश फवारलं. ते वाळल्यावर वाटलं, अजून थोडी काजळी हवी, म्हणून स्पिरिटमधली शाई पुन्हा लावली. बघता बघता सगळी भिंत पांढरीफटक. जणू कुणी चुना ओतला. तीन महिन्यांचं काम. मी खुर्चीत बसलो आणि उठलोच नाही. वहिनीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. बाई म्हणाल्या, “वॉर्निशवर स्पिरिट पडलं की अशी पांढरी सायच येते. घाबरू नका, खालचं काही मेलेलं नाही. वाळू द्या आणि वरून वॉर्निशचा हलका हात द्या, जाईल.”

गेली. तीन भिंतींवरून मी घालवली. दाराच्या भिंतीवर, उन्हाच्या बाजूला, मुद्दाम थोडी राहू दिली. उन्हाने पिठाळलेला रंग हुबेहूब तसाच दिसतो.

आज भिंती बाईंना दाखवायला नेल्या. निघताना त्यांनी सहज विचारलं, “लोक या वखारीत राबायचे ना? मग भिंतीला टेकतं कोण? हात कुठे लागतात?” भिंती उचलून मी सरळ घरी आलो. पुढचं उद्या लिहितो.

दादा


१० जून

बारक्या,

लागला नव्हता. रंग मी दिला होता.

‘रंग लागला’ असं नऊ वर्षं म्हणत आलो, जणू वाऱ्याने लावला. तू प्रदर्शनाचं टेबल आणायला गेला होतास, सकाळचे अकरा वाजले होते. मी तुझी वखार उचलली आणि चारही भिंतींना पिवळ्याचा एक हात, दारांना हिरवा. सगळ्यांना सांगितलं, मला वाटलं बिचारा दमला, रंगवायचं राहून गेलं, म्हणून मदत केली. तू आलास, पाहिलंस आणि वखार कापडात गुंडाळलीस. पुढच्या आठवड्यात गाव सोडलंस. मी म्हणत राहिलो, बघा, करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

खोटं आहे ते. दोन वर्षं तुला त्या भिंतीशी बसलेला मी रोज बघत होतो. राहून गेलेलं नाही हे मला माहीत होतं. पण आदल्या रविवारी मंडळात कुणीतरी म्हणालं, “भाऊ रंगारी आणि ह्याच्या भिंतीची बघा काय दशा,” आणि सगळे हसले. तूही हसलास. मला झोंबलं. उद्या सगळं गाव बघायला येणार आणि माझ्याच घरातून पापुद्रे सुटलेली भिंत जाणार, एवढंच डोक्यात होतं. घाईत अस्तरही मारलं नाही. अडतीस वर्षांत अस्तराशिवाय मारलेला तो एकच रंग.

काल बाईंनी विचारलं, भिंतीला टेकतं कोण. आणि मला बाबा दिसले. वखारीचे राखणदार, दाराशेजारच्या बाकड्यावर, पाठ भिंतीला लावून बावीस वर्षं. त्यांच्या पाठीने तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं आणि वर डोकं टेकायचं तिथे तेलाचा काळा गोल. मग आठवलं, तुझ्या वखारीवरही दाराशेजारी असाच एक उजळ ठिपका होता, वर काळा गोल. नखाएवढा. तू खोक्यातली कुठलीतरी वखार बांधत नव्हतास. मी रंग मारताना तो ठिपका पाहिला होता, वाटलं, इथे मळ जरा जास्त आहे. म्हणून तिथे दोनदा ब्रश फिरवला.

मला माफ कर असं लिहायला लाज वाटते. तरी लिहितो. माफ कर.

दादा


२ ऑगस्ट

बारक्या,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांत पहिलं अक्षर. माझ्या वखारीवर दाराच्या उजवीकडे बाबांच्या पाठीचा ठिपका केला, त्याचा मी फोटो पाठवला, त्यावर तू तीन शब्द लिहिलेस: “बाबा डावीकडे बसायचे.” खाली सहीसुद्धा नाही.

वहिनीने कार्ड देव्हाऱ्यात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं आहे. मीही दिवसभर हवेत होतो. पण संध्याकाळपर्यंत जमिनीवर आलो आणि आता सांगतो, तू चुकतोयस. वखारीकडे तोंड करून उभं राहिलं की दाराच्या उजवीकडे. मी रोज तीन वाजता किटली घेऊन जायचो, मला काय आंधळा समजतोस? पायरी चढून उजवीकडे वळायचो. ते पाय सरकवून मला जागा करून द्यायचे.

तुला नऊ वर्षांनी बोलावंसं वाटलं ते भांडायला. असू दे. भांड. पुन्हा लिही.

दादा


२० ऑगस्ट

बारक्या,

दुसरं कार्ड मिळालं. “डावीकडे. मी मांडीवर बसलेला असायचो.” आता मांडीवर बसलेल्या माणसाशी काय वाद घालणार.

तरी मी घातला, वहिनीशी. उजवीकडे, उजवीकडे म्हणून सकाळपासून डोकं खाल्लं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “तुम्ही दोघं तिथे एका वेळी कधी होतात का हो?”

मी बोटांवर शाळेच्या वेळा मोजल्या. माझी शाळा सकाळची होती, तुझी दुपारची. आई कामावर जायची म्हणून सकाळी तुला बाबांजवळ सोडायची. मी यायचो तेव्हा तू शाळेत. आपण दोघं भाऊ त्या बाकड्यावर एकदाही एकत्र बसलेलो नाही.

वखार उचलली आणि गॅलरीत कठड्यावर ठेवली, दार दक्षिणेला, खऱ्या वखारीसारखं. दाराच्या दोन उंच झडपा बाहेर उघडल्या, काटकोनात, जशा त्या कामाच्या वेळी असायच्या. आणि समोर खुर्ची टाकून बसलो. नऊ वाजता ऊन उजव्या हाताने आलं. डाव्या झडपेची सावली डावीकडच्या भिंतीवर पडली, बरोबर बाकड्याएवढी. एका माणसाएवढी आणि त्याच्या मांडीवरच्या पोराएवढी. दुपारी ऊन डोक्यावर आलं, सावली नाहीशी झाली. तीन वाजता ऊन दुसऱ्या बाजूने आलं आणि सावली उजवीकडे. वहिनीने जेवण गॅलरीतच आणून दिलं, म्हणाली वेड लागायचं तर निदान जेवून लागू दे.

बाबा बाकडं उचलून सावलीमागे जायचे, बारक्या. तू सकाळचे बाबा पाहिलेस, मी दुपारचे. दोघांचंही खरं आहे.

डावीकडचा ठिपका आज केला. बारीक तारेच्या काथ्याने रंग घासला, लाकूड उघडं झाल्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली, डोक्याच्या जागी तेलाचा एक थेंब. डावा थोडा खाली काढला आहे. मांडीवर पोर असलं की माणूस घसरून बसतो.

आता तरी ये.

दादा


१ डिसेंबर

बारक्या,

तू काल इथे होतास, तरी मला लिहायचंच आहे, कारण तू माझ्या पाठीमागे उभा होतास तेव्हा पुढे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

सकाळपासून लोक येत होते. तेरा मांडण्या होत्या, धूर सोडणारं इंजिन होतं, दिवे लागणारं स्टेशन होतं. माझी वखार कोपऱ्यात, एक रूळ, एक मालडबा. आणि तिथे गर्दी हटेना. परीक्षक भिंग घेऊन गुडघ्यांवर बसला, ओळीने फळ्या पाहिल्या, वळचणीखालचा पट्टा पाहिला आणि विचारलं, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी म्हटलं, पत्रीने.

मग ती जाड बाई आली, जिचं घर मी तीनदा रंगवलंय. तिने वखार पाहिली, मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, रंगारी असून एवढीशी भिंत रंगवता येईना?” सगळे हसले. मीही हसलो. इतकं हसलो की डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, नऊ वर्षांपूर्वी हेच हसणं मला पेललं नव्हतं. काल ते मला पहिल्या बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. बक्षीस नंतर मिळालं, तेही पहिलंच, हे मी जाता जाता सांगतोय असं समजू नकोस. कप फडताळावर आहे, वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देण्याआधी तो दाखवते.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “डावा खाली घेतलास, ते बरं केलंस.” मी वळलो नाही. वळलो असतो तर तिथेच रडलो असतो, आणि मंडळात माझी आता थोडी इज्जत आहे. म्हणून म्हटलं, “चहा घेणार?” तू म्हणालास, “घेईन.”

केस पिकलेत तुझे. वहिनीच्या मते तू वाळलायस, पण ती उंबरठा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला तेच म्हणते.

आणि जाताना तो खोका तू माझ्या मांडीवर ठेवलास. मला वाटलं बिस्किटं असतील. आत तुझी वखार. पिवळी, हिरव्या दारांची, माझ्या हाताची. नऊ वर्षं टाकली नाहीस. म्हणालास, “तूच लावलास, तूच काढ.” एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

दादा


२१ डिसेंबर

बारक्या,

कामाचा अहवाल.

आधी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात करून पाहिलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, पिळला, पिवळ्यावर टेकवला आणि मनात देवाचं नाव घेतलं. रंग मऊ झाला आणि सोलून निघाला. तू खाली वॉर्निश पक्कं केलं होतंस, आणि वर मी अस्तर मारलं नव्हतं. त्यामुळे माझ्या रंगाने तुझ्या भिंतीला धरलंच नव्हतं, नुसता वर बसून होता. आयुष्यभर पोरांना ओरडलो, अस्तर विसराल तर रंग टिकणार नाही. नाही टिकला. माझ्या धंद्यातली एवढी चांगली चूक माझ्याकडून दुसरी झालेली नाही.

वखार पांढरी झाली. सायीसारखी, सगळीकडून. जूनमध्ये मी खुर्चीत कोसळलो होतो, यावेळी वहिनीला बोलावून म्हटलं, बघ, ही साय आहे, खालचं काही मेलेलं नाही. वाळू दिली, वॉर्निशचा हलका हात दिला, आणि दोघं बघत बसलो.

आधी खिळ्यांचे ओघळ वर आले. मग ओट्यालगतचे पापुद्रे. मग दाराशेजारी, डावीकडे, नखाएवढा उजळ ठिपका आणि त्यावर काळा गोल. त्याच्याखाली, जरा बाजूला, अजून एक इवलासा ठिपका, जो मी तेव्हा पाहिलाच नव्हता. भिंगातून पाहिला. बाबांच्या मांडीवरून एका पोराचं डोकं भिंतीला जिथे टेकेल, बरोबर तिथे.

मग भिंग वहिनीच्या हातात दिलं.

उजवीकडची भिंत कोरी आहे. तिथे तुझ्याकडे बाबा नव्हते, कारण तिथे तू नव्हतास. तारेचा काथ्या, पेन्सिलीची पूड आणि तेलाची बाटली टेबलावर काढून ठेवली आहे, तुझी खुर्चीही. तीन वाजता ये, किटली मी आणीन. ब्रश मी माळ्यावर टाकलेत, सगळेच्या सगळे.

चिरंजीव बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझा दादा